ड्रुपलमध्ये खातं उघडतं, मिटतं तेव्हा: कोणतं काम कोणत्या हुकमध्ये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ड्रुपल 10 या संकेतस्थळं चालवणाऱ्या प्रणालीवर एका मासिकाचं संकेतस्थळ आहे आणि त्यासाठी तुम्ही ‘सभासद’ नावाचं स्वतःचं मॉड्यूल, म्हणजे ड्रुपलला जोडायचा कोडचा भाग, लिहिलंय. नवं खातं उघडलं की हिशेबाच्या दुसऱ्या प्रणालीकडून सभासद क्रमांक मागवायचा आणि स्वागताची मेल पाठवायची. लॉगिन झालं की वाचकाला चालू अंकाच्या पानावर न्यायचं. खातं बंद झालं की हिशेबाला कळवायचं. हे सगळं चालतं, पण तीन तक्रारी आहेत. मंजुरी न मिळालेल्यांनाही स्वागताची मेल जाते. कधीकधी हिशेबात क्रमांक पडलेला असतो, पण इकडे त्या माणसाचं खातंच नसतं. आणि पासवर्ड विसरलेल्यांना नवा पासवर्ड ठेवता येत नाही. शिवाय जुन्या लेखकांची बंद पडलेली खाती एका स्क्रिप्टने काढून टाकायची आहेत.

शेवटचं आधी सांगतो. ती स्क्रिप्ट चालवली नसेल तर आज चालवू नका. कारण पुढे येईलच.

तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ मला एकच दिसतं. हुक म्हणजे ठरावीक घटना घडली की ड्रुपल आपणहून चालवतो ते आपलं फंक्शन. त्याच्या नावावरून काय घडलं ते कळतं, पण ते कोणत्या क्षणी घडलं हे कळत नाही. डेटाबेसमध्ये तोवर काय पक्कं झालंय, काय अजून व्हायचंय आणि आता काही बिघडलं तर काय मागे फिरेल, हे प्रत्येक हुकच्या बाबतीत वेगळं असतं. मी नवं काम हातात घेतो तेव्हा हुकचं नाव शोधण्याआधी हे तीन प्रश्न कागदावर लिहितो. त्यावरून हुक आपोआप ठरतो.

आधी एक जुनं खूळ काढून टाकू. तुमच्या कोडमध्ये युजर_इन्सर्टला तीन पॅरामीटर दिसतात, म्हणजे तो कुठल्यातरी ड्रुपल 7 च्या लेखावरून घेतलेला आहे. ड्रुपल 6 मध्ये खात्यासाठी एकच मोठा हुक होता आणि कोणती घटना ते ‘ऑप’ नावाच्या पॅरामीटरवरून ओळखावं लागे. 2011 साली आलेल्या ड्रुपल 7 ने त्याचे तुकडे केले. 2015 च्या ड्रुपल 8 पासून खातं इतर सगळ्या आशयासारखंच पूर्णपणे एन्टिटी म्हणून, म्हणजे ड्रुपल एकाच पद्धतीने साठवतो अशी नोंद म्हणून, हाताळलं जातं, त्यामुळे इन्सर्ट, अपडेट, प्रीसेव्ह, प्रीडिलीट, डिलीट हे हुक आता एन्टिटीच्या सर्वसाधारण यंत्रणेतून येतात आणि त्यांना फक्त खात्याचं ऑब्जेक्ट मिळतं. लॉगिन, लॉगआउट आणि कॅन्सल हे तीन तेवढे युजर मॉड्यूलचे स्वतःचे. ड्रुपल 7 चा अधिकृत आधार 5 जानेवारी 2025 ला संपला, पण त्याची उदाहरणं अजून सगळीकडे सापडतात. तेव्हा नक्कल करण्याआधी आवृत्ती बघा. ‘युजर_रोल_इन्सर्ट’ या नावालाही फसू नका. एखाद्या माणसाला भूमिका दिली की तो चालेल असं वाटतं, पण तो चालतो नवी भूमिका तयार झाली की. माणसाची भूमिका बदलली का, हे युजर_अपडेटमध्ये जुन्या आणि नव्या भूमिकांची यादी ताडूनच कळतं.

आता खातं उघडण्याकडे येऊ. तुमच्या दोन तक्रारी इथल्याच आहेत.

सेव्ह म्हटलं की ड्रुपल डेटाबेसचं एक ट्रान्झॅक्शन उघडतो, म्हणजे सगळं मिळून पक्कं होईल नाहीतर सगळं मागे फिरेल असा कामांचा गठ्ठा. आधी युजर_प्रीसेव्ह चालतो. नव्या खात्याला तेव्हा आयडी नसतो. मग प्रत्यक्ष नोंद होते, मग युजर_इन्सर्ट चालतो. आणि हे नीट लक्षात घ्या, इन्सर्ट चालू असताना ट्रान्झॅक्शन उघडंच असतं. तुमच्या हातात आयडी आलेला असतो, नोंद झाल्यासारखी दिसते, पण ती अजून पक्की झालेली नसते. तुमच्या हुकमध्ये किंवा तुमच्या नंतर चालणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही मॉड्यूलच्या हुकमध्ये न पकडलेलं एक एक्सेप्शन (कोड अडल्याचा इशारा) उठलं की अख्खं ट्रान्झॅक्शन मागे फिरतं आणि खातं झालंच नव्हतं असं होतं.

आता तुमचा कोड काय करतो ते बघा. इन्सर्टमध्येच हिशेबाच्या सर्व्हरला हाक मारतो, क्रमांक मिळतो, मग मेल पाठवतो, मग पुढच्या मॉड्यूलची पाळी येते. तिथे काही फुटलं की आपल्या डेटाबेसमधली नोंद मागे जाते, पण हिशेबात पडलेला क्रमांक आणि गेलेली मेल मागे येत नाही. खातं नसलेले सभासद तुमच्याकडे असेच तयार झाले. उलटी बाजूही तितकीच वाईट आहे. ड्रुपलच्या एचटीटीपी क्लायंटची मूळ वेळमर्यादा 30 सेकंद आहे. हिशेबाचा सर्व्हर अडकला की नोंदणी करणारा माणूस अर्धा मिनिट कोऱ्या पानाकडे बघत बसतो, तेवढा वेळ ट्रान्झॅक्शन उघडं राहतं, आणि शेवटी एक्सेप्शन उठून खातं रद्द होतं. माणूस पुन्हा बटण दाबतो. तिकडे पहिली विनंती उशिरा का होईना पोचलेली असेल, तर त्याच्या नावावर दोन क्रमांक पडतात.

यावरचा उपाय ड्रुपलच्या गाभ्यातच आहे. इन्सर्टमध्ये बाहेरच्या जगाशी काही बोलायचं नाही, फक्त क्यूमध्ये, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, एक चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर खात्याचा आयडी तेवढा पुरे. नाव, ईमेल वगैरे त्यात कोंबू नका, काम होईपर्यंत ते बदललेलं असू शकतं. ड्रुपलची मूळ क्यू त्याच डेटाबेसच्या एका टेबलमध्ये असते, त्यामुळे चिठ्ठीही त्याच ट्रान्झॅक्शनचा भाग होते. खातं मागे फिरलं तर चिठ्ठीही मागे फिरते. खातं पक्कं झालं तरच चिठ्ठी दिसू लागते. मला हे ड्रुपलमधलं सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत कमी वापरलं जाणारं वैशिष्ट्य वाटतं. क्यू रेडिससारख्या वेगळ्या ठिकाणी हलवलेली असेल तर मात्र हा फायदा मिळत नाही, तेव्हा तुमच्या सर्व्हरवर ती कुठे आहे हे आधी तपासा.

मग क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप होणारी कामांची फेरी, चालला की तुमचा क्यू वर्कर, म्हणजे चिठ्ठ्यांवरची कामं करणारा कोड, चिठ्ठी उचलतो आणि आयडीवरून खातं नव्याने लोड करतो. खातं सापडलं नाही तर निमूट परत यायचं, कारण दरम्यान कोणीतरी ते काढून टाकलेलं असू शकतं. सापडलं तर क्रमांक मागवायचा. तिकडून उत्तर आलं नाही तर एक्सेप्शन फेकायचं, म्हणजे चिठ्ठी क्यूमध्येच राहते आणि पुढे पुन्हा प्रयत्न होतो. समोरचा सर्व्हरच बंद असेल तर ‘सस्पेंड क्यू’ हे खास एक्सेप्शन आहे. ते फेकलं की त्या फेरीपुरती ती क्यू थांबते आणि शेकडो चिठ्ठ्या एकामागून एक आपटत नाहीत. पुन्हा प्रयत्न होणार म्हणजे तीच विनंती दोनदा जाण्याची शक्यता आलीच. म्हणून हिशेबाचं काम पाहणाऱ्यांना एवढं मागा: आम्ही आमचा खाते आयडी पाठवू, त्या आयडीला आधीच क्रमांक दिलेला असेल तर तोच परत द्या. ही एक अट मान्य करून घेतलीत की दुहेरी क्रमांकांचा प्रश्न मिटतो.

आता मंजुरी. नोंदणी कोणालाही करता येईल पण प्रशासकाने मंजूर केल्यावरच खातं सुरू होईल, अशी तुमची सेटिंग आहे. तिथे युजर_इन्सर्ट माणसाने फॉर्म भरला त्याच क्षणी चालतो आणि खात्याची स्थिती तेव्हा ‘बंद’ असते. स्पॅमवाल्यांनी भरलेले फॉर्मही त्यात आले. प्रशासकाने मंजुरी दिली की मात्र इन्सर्ट चालत नाही. ते तर आधीच असलेल्या खात्यातलं अपडेट असतं. ‘मंजूर झालं’ असा वेगळा हुक ड्रुपलमध्ये नाही, तो आपल्यालाच ओळखावा लागतो. इन्सर्टमध्ये खातं सुरू स्थितीत असेल तरच चिठ्ठी टाकायची. अपडेटमध्ये, मूळ प्रतीत खातं बंद होतं आणि आता सुरू आहे असं दिसलं तर टाकायची. मूळ प्रत खात्याच्या ‘ओरिजिनल’ या गुणधर्मात मिळते. ड्रुपल 11.2 पासून त्यासाठी ‘गेटओरिजिनल’ ही मेथड आली आहे आणि जुनी पद्धत पुढे काढून टाकली जाणार आहे, तेव्हा अपग्रेडच्या वेळी हे बदला. वर्करमध्ये आणखी एक तपासणी हवी: क्रमांक आधीच भरलेला असेल तर स्वागत नको. नाहीतर वर्षभरापूर्वी काही कारणाने बंद केलेला सभासद परत सुरू केला की त्यालाही ‘आपलं स्वागत आहे’ जाईल. आणि खातं सुरू झाल्याची एक मेल ड्रुपल स्वतःच पाठवतो. खात्यांच्या सेटिंगमध्ये तिचा मजकूर बदलता येतो. तुमचं स्वागत त्या मजकुरात बसत असेल तर दुसरी मेल कशाला? मला विचाराल तर वाचकाला एकाच दिवशी दोन मेल पाठवू नयेत.

युजर_अपडेटबद्दल इथेच बोलून घेतो, कारण तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप जास्त वेळा चालतो. वाचकाने छायाचित्र बदललं, प्रशासकाने भूमिका दिली, वर्करने क्रमांक भरून सेव्ह केलं, सगळीकडे तोच. लॉगिनच्या वेळीही तो चालू शकतो. पासवर्डचा हॅश, म्हणजे साठवलेलं सांकेतिक रूप, जुन्या पद्धतीचा असेल तर ड्रुपल बरोबर पासवर्ड मिळाल्यावर तो नव्याने हॅश करून खातं सेव्ह करतो. ड्रुपल 10.1 मध्ये हॅशची पद्धत बदलली, त्यामुळे जुनी साइट वर आणली की त्यानंतर प्रत्येकाच्या पहिल्या लॉगिनला एक अपडेट होतं. अपडेटमध्ये ‘काहीतरी बदललं, पाठवा हिशेबाला’ असं लिहिलं असेल तर अपग्रेडनंतरच्या आठवड्यात तिकडे कारण नसताना गर्दी होईल. म्हणून अपडेटमध्ये नेमकं कोणतं फील्ड बदललं हे ताडल्याशिवाय एक ओळही चालवू नका. आणि अपडेटच्या आत त्याच खात्याला पुन्हा सेव्ह करू नका, चक्र सुरू होतं. खात्यातलं एखादं फील्ड आपणच भरायचं असेल तर त्याची जागा प्रीसेव्ह. तिथे फक्त किंमत ठेवायची, सेव्ह तर होणारच आहे.

आता लॉगिन. युजर_लॉगिन चालतो तेव्हा सेशन (वाचक आत असल्याची नोंद) नवं झालेलं असतं, त्यात खात्याचा आयडी बसलेला असतो आणि शेवटच्या लॉगिनची वेळही लिहून झालेली असते. त्यामुळे ‘पहिलंच लॉगिन आहे का’ हे त्या वेळेवरून तपासलंत तर उत्तर नेहमी ‘नाही’ येतं. शेवटच्या भेटीची वेळ शून्य आहे का ते बघा, ती विनंती पूर्ण झाल्यावर भरली जाते. मी मात्र अशा कामासाठी स्वतःची खूण ठेवतो. ‘युजर डेटा’ नावाची सेवा त्यासाठीच आहे.

तुमच्या पासवर्डच्या तक्रारीचं कारण इथे आहे. तुम्ही युजर_लॉगिनमध्ये रीडायरेक्ट तयार करून लगेच पाठवता आणि पुढे एक्झिट करता. एक तर त्यामुळे तुमच्या नंतरच्या मॉड्यूलचे लॉगिन हुक चालतच नाहीत आणि ड्रुपलची विनंती नीट संपत नाही. दुसरं, पासवर्ड विसरलेल्या माणसाला मेलमधून एकदाच चालणारा दुवा मिळतो. त्यावरून आत आलं की तेही लॉगिनच, त्याच वाटेने जाणारं. ड्रुपल त्याला नवा पासवर्ड ठेवायच्या फॉर्मवर नेणार असतो आणि तुम्ही मधेच त्याला चालू अंकाच्या पानावर नेता. बिचारा आत येतो, अंक वाचतो, बाहेर पडतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पासवर्ड नाही. वयस्कर वाचकांना याचा किती मनस्ताप होतो हे मी फोनवर ऐकलेलं आहे. रीडायरेक्टचं काम लॉगिन फॉर्मकडे द्या. फॉर्म अल्टर या फॉर्म बदलणाऱ्या हुकमध्ये स्वतःचा सबमिट हँडलर, म्हणजे फॉर्म पाठवल्यावर चालणारं फंक्शन, शेवटी जोडा आणि तिथे फॉर्मस्टेटला पुढचा मार्ग सांगा. फॉर्मवरून आलेलाच वाचक मग अंकाकडे जाईल आणि मेलमधल्या दुव्यावरून आलेल्याला त्याची वाट मोकळी राहील. कोणी एखाद्या लेखावरून लॉगिनला आला असेल तर पत्त्यात ‘डेस्टिनेशन’ असतं. त्याला त्या लेखावरच परत जाऊ द्या.

चुकलेल्या लॉगिनसाठी हुक नाही, कारण तेव्हा लॉगिन झालेलंच नसतं. ड्रुपल स्वतः मोजणी ठेवतो. मूळ सेटिंगप्रमाणे एका खात्यासाठी 6 तासांत 5 चुका आणि एका आयपी पत्त्यावरून 1 तासात 50 चुका झाल्या की दार बंद. वाचनालय किंवा महाविद्यालयासारख्या ठिकाणी पुष्कळ वाचक एकाच आयपीवरून येतात, तिथे दुसरा आकडा कमी पडू शकतो.

लॉगआउटवर कोणतंही महत्त्वाचं काम टांगू नका. वाचकाने ‘बाहेर पडा’ दाबलं तरच तो हुक चालतो. बहुतेक लोक ब्राउझर बंद करून जातात. खातं बंद केलं किंवा पासवर्ड बदलला तर ड्रुपल जुनी सेशन थेट पुसतो, तेव्हाही लॉगआउटचा हुक चालत नाही.

आता खातं बंद होणं, आणि तुमची स्क्रिप्ट. इथे चूक झाली तर ती परत घेता येत नाही, म्हणून सावकाश वाचा.

प्रशासकाच्या पानावरून खातं रद्द करताना चार पर्याय असतात: फक्त खातं बंद करणं, खातं बंद करून लेखन अप्रकाशित करणं, खातं काढून लेखन अनामिकाच्या नावावर करणं आणि खात्यासकट लेखन काढून टाकणं. पहिल्या तीन पर्यायांत युजर_कॅन्सल चालतो आणि कोणता पर्याय निवडला ते त्याला कळतं. चौथ्या पर्यायात तो मुळीच चालत नाही, तिथे फक्त प्रीडिलीट आणि डिलीट चालतात. तिसऱ्यात आधी कॅन्सल चालतो, लेखनाचं नाव बदलतं, मग खातं खरोखर काढलं जातं आणि प्रीडिलीट, डिलीटही चालतात. तुम्ही हिशेबाला कळवायचं काम फक्त कॅन्सलमध्ये लिहिलंय, म्हणजे पूर्ण काढून टाकलेल्या सभासदांची बातमी तिकडे कधीच गेलेली नाही. त्यांची वर्गणी तिकडे अजून चालू असेल, ते तपासा.

स्क्रिप्ट खातं लोड करून थेट डिलीट म्हणते. ऐकायला साधं वाटतं, पण ते चौथ्या पर्यायासारखं वागतं. खातं जाण्याआधी लेख सांभाळणारं नोड मॉड्यूल स्वतःचा प्रीडिलीट चालवतं आणि त्या माणसाच्या नावावरचे सगळे लेख काढून टाकतं. कमेंट मॉड्यूल त्याच्या प्रतिक्रिया काढतं. लेख गेले की त्यांच्याखालच्या इतर वाचकांच्या प्रतिक्रियाही जातात. विचारणारं कोणी नसतं, कारण कोडने डिलीट म्हटलं म्हणजे विचार करून म्हटलं असं ड्रुपल धरून चालतो.

हे मी स्वतः केलेलं आहे. एका नियतकालिकाचं संकेतस्थळ सांभाळत असताना जुनी खाती साफ करायला अशीच दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. त्यात सोडून गेलेल्या एका उपसंपादकांचं खातं होतं आणि अनेक वर्षांचे अंक त्यांनीच चढवलेले होते. संध्याकाळी वाचकांचे फोन सुरू झाले. बॅकअप आदल्या रात्रीचा होता म्हणून लेख परत आले, पण त्या दिवसभरात आलेल्या प्रतिक्रिया गेल्या त्या गेल्याच. त्यात एका दिवंगत लेखकाविषयी त्यांच्या विद्यार्थ्याने लिहिलेली मोठी आठवण होती, ती मला पुन्हा मिळवता आली नाही. त्यानंतर लेखकांची खाती मी कधीच काढत नाही, बंद करतो. लेखावर नाव राहतं, आत कोणी येऊ शकत नाही.

तुम्हाला काढायचीच असतील तर ‘युजर_कॅन्सल’ हे ड्रुपलचं स्वतःचं फंक्शन (त्याच नावाचा हुक नव्हे) अनामिकाच्या पर्यायासह बोलवा. मात्र ते काम बॅचमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्याने करायच्या कामांच्या यादीत, मांडून ठेवतं, लगेच करत नाही. फॉर्मबाहेरून बोलावलंत तर बॅच आपण सुरू करावी लागते, नाहीतर काहीच होत नाही आणि काम झालं असं वाटत राहतं. नेहमी एका खात्यावर, साइटच्या प्रतीवर आधी करून बघा.

राहिलं ते हिशेबाला कळवणं. प्रीडिलीट आणि डिलीट यांत फरक आहे. प्रीडिलीटमध्ये सगळं जागेवर असतं. डिलीटपर्यंत नोंद गेलेली असते, आणि ‘युजर डेटा’ सेवेतल्या त्या माणसाच्या खुणाही तोवर पुसलेल्या असतात. सभासद क्रमांक तुम्ही तिथे ठेवला असेल तर डिलीटमध्ये तो रिकामा येईल. म्हणून प्रीडिलीटमध्ये क्रमांक वाचा आणि क्यूमध्ये टाका. इथल्या चिठ्ठीवर मात्र आयडी पुरत नाही, खुद्द क्रमांकच लिहा, कारण वर्करला लोड करायला खातं उरलेलं नसेल. फक्त बंद केलेल्या खात्यांसाठी अपडेटमधली स्थितीची तुलना आहेच. तीच तपासणी उलट्या दिशेने: आधी सुरू होतं, आता बंद आहे. हे दोन्ही झालं की कॅन्सलमधला तुमचा कोड पूर्ण काढून टाकता येतो.

नवा हुक लिहिल्यावर कॅशे साफ करा, नाहीतर ड्रुपलला तो दिसत नाही. आणि तपासताना नेहमीचं लॉगिन करून थांबू नका. मंजुरीविना नोंदणी, नंतर मंजुरी, पासवर्डचा दुवा, हिशेबाचा सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून नोंदणी, बंद करून पुन्हा सुरू केलेलं खातं, आणि एक लेख व एक प्रतिक्रिया असलेलं खातं चारही पर्यायांनी रद्द करणं, हे सगळं प्रतीवर एकदा करा. चारही वेळा क्यूच्या टेबलमध्ये किती चिठ्ठ्या पडल्या ते मोजा. प्रत्येक खात्यामागे एकच असायला हवी. दोन दिसल्या तर कॅन्सलमधला जुना कोड काढायचा राहिलाय.